चौकटीत मावेल एवढं

शुक्रवारी दुपारी डबा उघडून यामिनी पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर पाहून तिने सवयीने सांगून टाकलं की इथे सरियाचा भाव मिळत नाही, कारखान्याचा नंबर देते, तो लावा. हे वाक्य ती वर्षानुवर्षं हिंदीत म्हणत आली होती. रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका सळयांच्या कारखान्याची वेबसाइट तिने कधीकाळी केली होती. संपर्काच्या चौकटीत नमुना म्हणून स्वतःचाच नंबर टाकला होता आणि तो बदलायचा राहून गेला होता. तेव्हापासून घर बांधायला काढणारा प्रत्येक माणूस आधी यामिनीला गाठायचा. पुढे पुढे तिला त्या फोनांची गंमत वाटू लागली, कोणाचा स्लॅब पडतोय, कोणाचा पाया खोदून झालाय, हे तिला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. पण आजच्या माणसाला भाव नको होता, आणि तो चक्क मराठीत बोलत होता.

"म्याडम, मी सिलतऱ्याहून हरिदास मेश्राम बोलून राहिलो," तो म्हणाला. "ते गोळाभाताचं पान काहून काढलं जी?"

घास हातातच राहिला. गोळाभाताचं पान म्हणजे काय, हे आठवायला तिला थोडा वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा दोन्ही कान गरम झाले. ती साइट करताना कारखान्याच्या शेठच्या ऑफिसकडून मजकूर यायचा होता. 'कल देते हैं' असं उत्तर रोज मिळत होतं, आणि यामिनीला रिकामी चौकट बघवत नसे. बाकीचे लोक अशा जागी काहीतरी निरर्थक भरून ठेवत, 'यहाँ आपका मैटर आएगा' असं चिकटवून मोकळे होत. तिला ते जमायचं नाही. अक्षरं खरी असली, त्यातून कोणीतरी काहीतरी सांगत असलं, तरच तिला ओळींची उंची, मधली जागा, सगळं नीट दिसायचं. हिंदीत खरं काही लिहिलं की गिऱ्हाईक ते वाचत बसतं आणि चुका काढतं, म्हणून ती मराठीत लिहायची. मराठी कोण वाचणार, असा तिचा साधा हिशोब. तर त्या कारखान्याच्या 'हमारी गुणवत्ता' या पानावर तिने आपल्या प्रमोदिनी आत्याचा गोळाभात लिहून टाकला होता. शेठ बघायला आले. त्यांनी आपला फोटो मोठा करायला लावला, मग लांबूनच त्या पानावर नजर फिरवली. अक्षरं तीच देवनागरी, शब्द भारदस्त, अर्थ कळत नाही. शेठ खूश झाले आणि म्हणाले, एकदम शुद्ध हिंदी लिखा है. साइट तशीच सुरू झाली. तो 'कल' काही उगवला नाही, आणि पुढच्या कामांच्या रेट्यात यामिनी ते पान साफ विसरून गेली.

हरिदास मेश्राम मात्र विसरला नव्हता. तो त्याच कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात होता, मूळचा भंडाऱ्याकडचा. साइटवरचा नंबर ती करणाऱ्या बाईचा आहे, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू केला की कंपनीची साइट आपोआप उघडायची. एकदा ट्रक यायला उशीर होता म्हणून तो इकडे तिकडे फिरत त्या पानावर गेला, आणि लोखंडाच्या धुरात बसल्या जागी त्याला आपली भाषा दिसली. डाळ फार बारीक दळायची नाही, हाताला लागली पाहिजे. गोळे भातात सोडल्यावर झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. पाहुणे पानावर बसल्याशिवाय फोडणी करायची नाही. त्याने घरी जाऊन हे सगळं अंजनाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. तेव्हापासून रविवारी त्यांच्याकडे गोळाभात, आणि वसाहतीतल्या ज्यांना ज्यांना मराठी कळतं त्यांच्याकडेही गोळाभात. एकच अडचण होती. ते पान शेवटी अर्ध्या वाक्यात थांबत होतं. 'आणि शेवटी आत्या त्यात एक गोष्ट घालते, ती म्हणजे', एवढ्यावर चौकट संपत होती.

"काय घालते, ते आम्ही आजवर शोधूनच राहिलो," हरिदास म्हणाला. "आता तर पानच गेलं. घरवाली म्हणते, त्या बाईले विचारून तरी घे. रविवारी येऊन जा म्याडम. जेवाले."

ती हो म्हणाली. का म्हणाली ते तिलाच कळलं नाही, कारण आत्या शेवटी काय घालते हे तिला मुळीच आठवत नव्हतं.

पान कुठे गेलं हे मात्र तिला ठाऊक होतं. सकाळीच सुशीलने तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. सुशील म्हणजे या कंपनीचा मालक, आणि त्याआधी गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासमधला तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा. त्याच्या टेबलावर पेढे होते. त्याने आदल्या दिवशी कंपनीच्या सगळ्या जुन्या साइट्स आपोआप साइट करणाऱ्या नव्या मशीनच्या हवाली केल्या होत्या आणि चहा संपायच्या आत त्या नव्या होऊन बाहेर आल्या होत्या. तो हिंदीत, मनापासून आनंदाने सांगत होता की आता चित्रं जुळवत बसायचे दिवस गेले. डिझाइनचं टेबलच उठवायचं. यामिनीने नवा रायपूरच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, दारावर नाव. तुझं वय झालं असं तो म्हणाला नाही, पण तू किती दिवस माउस घासणार, असं म्हणाला. सोमवारी सांग. यामिनीने पेढा घेतला. सिलतऱ्याची नवी साइटही तिने पाहिली, छान होती, गुळगुळीत होती, 'गुणवत्ता ही हमारी पहचान' असं काहीतरी तिथे आलं होतं. तिला त्यात खोड काढता येईना आणि कौतुकही करावंसं वाटेना, तेव्हाच ती मनातून चरकली होती.

कारण मशीनची भीती तिला नव्हती. असली मशीनं तिने पुष्कळ पाहिली होती. क्लासमध्ये खालून पातेल्यांचा खणखणाट यायचा आणि वर ती पडद्यावर अक्षरं नाचवायला शिकली होती. पहिल्यांदा तिच्या हुकमाने 'य' गिरकी घेऊन स्थिर झाला तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती, आणि मास्तरांनी 'बैठो, बैठो' म्हणत तिला खाली बसवलं होतं. मग अक्षरं नाचवायची ती तऱ्हाच बंद पडली. शिकलेलं सगळं पाण्यात. दोन-चार दिवस ती फणफणली, आईच्या हातची कामं हिसकावून घेत घरात आदळआपट केली, आणि नव्या पद्धतीचं काहीतरी उघडून बसली. त्यात रमली. मग मोबाइल आले, सगळी साइट तळहाताएवढ्या जागेत बसवायची वेळ आली. तेव्हा लेक ईरा पोटात होती आणि यामिनी लहान जागेत काय काय मावतं याने रोज थक्क होत होती. मग तयार साचे आले, कोणीही उठावं आणि साइट करावी. तेव्हाही ती आधी रुसली, नंतर साचे मोडून त्यातून वेगळंच काही काढण्याची तिला चटक लागली. दर वेळी पायाखालची जमीन सरकायची आणि दर वेळी नवी हौस पायाखाली यायची. हौस होती म्हणून तिने कधी धंदा बदलला नाही. धंदाच तिच्याभोवती बदलत राहिला. या वेळी मात्र हौस आली नाही. गेले कित्येक महिने ती कामाला बसायची, काम व्हायचं, लोक छान म्हणायचे, आणि आत काहीही हलायचं नाही. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, बिलासपूरच्या बँकेतून एकाआड एक शनिवार-रविवारी घरी येणाऱ्या नवऱ्याला, चिरागलाही नाही. सुशीलची खुर्ची ही तशी सोयीची गोष्ट होती. हौस संपली हे कबूल न करता उठून जाता आलं असतं. खरं सांगायचं तर ती हो म्हणायच्या अगदी काठावर होती, आणि त्या काठावर कोणीतरी गोळाभाताचं विचारायला आलं होतं.

संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाला तिने उगाच एक जास्तीचा फेरा मारला. पाणी शांत होतं, काठावर भुट्टे भाजणारे होते, एक जोडपं स्वतःचा फोटो काढून पुन्हा पुन्हा पुसत होतं. चालता चालता तिला हसू फुटलं. लोखंडाच्या कारखान्याच्या गुणवत्तेच्या पानावर डाळ भरडण्याची कृती, आणि सगळ्या जगाने ती शुद्ध हिंदी म्हणून खपवून घेतली. ती एकटीच हसत होती, भुट्टेवाल्याने तिच्याकडे बघून, एक भुट्टा देऊ का, असं विचारलंही. तिने घेतला. घरी येऊन तिने जुन्या साठ्यातून ते पान शोधून काढलं. ईरा शेजारी येऊन टेकली, तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून हिंदीच येते. तिने पान वाचलं आणि हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "मम्मी, यह आपने किया? आप तो कितनी मस्त थीं," ती म्हणाली. त्या 'थीं'ने यामिनीला बारीकसा चिमटा बसला, पण तिने तो दाखवला नाही.

पान दिसायला वाईट होतं. केशरी पट्टा, त्यावर जाड सावली, कोपरे नको तिथे गोल केलेले. आज कोणी असं करून आणलं असतं तर यामिनीने त्याला बसवून समजावलं असतं. पण ओळी नीट होत्या. प्रत्येक वाक्य संपत होतं तिथे डोळ्याला टेकायला जागा होती, जणू कोणी समोर बसून सांगतंय आणि मध्ये श्वास घेतंय. ते तिने केलं होतं, तेव्हाच्या कच्च्या हातांनी. शेवटचं वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं. कदाचित उरलेलं वाक्य चौकटीच्या खाली दडलं असेल, चौकटीची उंची ठरलेली असली की जादा मजकूर झाकला जातो, म्हणून तिने पानाच्या पोटात शिरून पाहिलं. खाली काही नव्हतं. 'ती म्हणजे' एवढंच तिने लिहिलं होतं. चौकट भरली होती, म्हणजे काम झालं होतं, म्हणून तरुण यामिनी थांबली होती आणि बहुतेक चहा प्यायला गेली होती. तिचा तिला रागही आला आणि हेवाही वाटला.

शनिवारी ती तात्यापाऱ्यात आत्याकडे गेली. आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये एकटी आणि ऐटीत राहते. दाराशी दोन पार्सलं येऊन पडली होती आणि आत्या तिसऱ्याचा फोनवर पाठपुरावा करत होती. यामिनीने सगळी कहाणी सांगितली. आत्याने फोन खाली ठेवला, चष्मा वर केला. आपला गोळाभात सिलतऱ्यात चालतो हे ऐकून तिला आनंद झाला खरा, पण आश्चर्य वाटलं नाही. तो चालणारच, असा तिचा चेहरा होता. मग यामिनीने विचारलं की शेवटी तू त्यात काय घालायचीस.

"मी?" आत्या म्हणाली. "मी कुठं काय घालून राहिली? भात, गोळे, फोडणी. झालं."

मग मी तसं काहून लिहिलं, असं यामिनी म्हणाली, आणि आत्या एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसणं आवरेपर्यंत तिने यामिनीला हाताने थांबवून धरलं.

"तू जेवायचीच नाही ना पोट्टी," ती म्हणाली. "दोन घास खाल्ले की पळाली. मग मी म्हणायची, आज शेवटी मी यात एक गोष्ट घातली आहे, ओळखून दाखव. तू खायची अन् ओळखायची. जिरं? नाही. गूळ? नाही. ताट साफ होऊन जाय, अन् मी म्हणायची, उद्या सांगते."

यामिनीला आत्याच्या जुन्या घरातली स्टीलची ताटली आठवली, तिच्या काठावर कोरलेलं कोणाचं तरी नाव आठवलं, बोटांना लागलेलं हिंगाचं तेल आठवलं. जिभेवर काहीतरी आहे आणि ते आता सापडेल, पुढच्या घासात नक्की सापडेल, ही लहानपणची खात्री तिला जशीच्या तशी आठवली, आणि तिचे डोळे भरून आले. ही खात्री तिला ओळखीची होती. क्लासमधल्या खुर्चीतून ती उठून उभी राहिली होती ती याच खात्रीने. मोबाइलच्या पडद्यावर, साचे मोडताना, दर वेळी तिला हेच वाटत आलं होतं की अजून एक गोष्ट आहे, ती पुढच्या घासात आहे. मशीनने केलेलं पान तिने पाहिलं तेव्हा सगळं तिथे होतं, ओळखायचं काही उरलं नव्हतं. तिला वाटलं होतं आपली भूक मेली. आत्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती की चहात आलं घालू का, आणि यामिनी 'हव, घाल' म्हणाली.

रविवारी ती ईराला घेऊन सिलतऱ्याला गेली. कारखान्यांच्या मागच्या बाजूला वसाहत होती, झाडांच्या पानांवर काळसर धूळ आणि दारादारात धुतलेल्या पायऱ्या. हरिदास कोपऱ्यावरच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. घरात शेजारपाजारची माणसंही जमलेली होती, वेबसाइटवाली बाई येणार म्हणून. यामिनीला आजवर कितीतरी गिऱ्हाइकांनी हार घातले होते, पण आपण केलेलं पान ज्याने वाचलंय, असा माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तोही एक नाही, घरभर. अंजनाबाई ठेंगण्या, ठसक्यात बोलणाऱ्या. त्यांनी आधी जेवायला बसवलं, आणि सगळे पानावर बसल्यावरच फोडणी केली. चर्र आवाज झाला तशी त्यांनी यामिनीकडे पाहिलं, पानावरच्या नियमाप्रमाणे झालं ना, अशा नजरेने. मग बोलणं सुरू झालं आणि यामिनीला कळलं की गेली कित्येक वर्षं या वसाहतीत काय चाललं होतं. अंजनाबाईंनी ओवा घालून पाहिला होता. समोरच्या घरात तीळ. कोणी चिंचेच्या साराचे चार थेंब, कोणी बोराची पूड, आणि एका उत्साही गृहस्थाने फरसाण घातलं होतं, त्यावरून त्याला अजून चिडवतात. प्रत्येकाला वाटत होतं आत्याचं तेच असणार. दर रविवारी वाट्या एकमेकांकडे जायच्या आणि त्यावर वाद व्हायचे. ईरा दुसऱ्यांदा भात घेत म्हणाली, "इसमें लहसुन का कुछ है, जला हुआ," आणि सगळे एकदम बोलायला लागले.

यामिनी खात होती. गोळा फुटला की आत डाळ अजून जराशी हाताला लागत होती, अगदी लिहिल्याबरहुकूम. आत्याच्या भाताहून हा वेगळा होता, जास्त तिखट, आणि खाली काहीतरी होतं, ओवा नव्हे, आंबटसर, आठवणीच्या टोकावरचं. तिने आणखी एक घास घेतला. अजून नाही. आणखी एक. आपण ताटावर वाकलोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने लगेच पुढचा घास उचलला.

अंजनाबाई समोर येऊन बसल्या.

"आता सांगून टाका बाई," त्या म्हणाल्या. "आत्या शेवटी काय घालते?"

खरं सांगणं सोपं होतं. काही घालत नाही, चौकट भरली म्हणून मी थांबले. तिने तोंड उघडलंही. मग तिने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, हातातल्या वाट्यांकडे पाहिलं.

"उद्या सांगते," यामिनी म्हणाली.

हरिदासने कपाळाला हात लावला. अंजनाबाईंनी मात्र तिच्याकडे एक क्षण निरखून पाहिलं, आणि मग त्या मोठ्याने हसल्या. "पाहा, म्हटलं होतं मी, ते सांगाची गोष्टच नाही," त्या म्हणाल्या आणि न विचारता तिच्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवारी ती सुशीलच्या केबिनमध्ये गेली आणि खुर्ची नको म्हणाली. तिने ठरवून ठेवलेलं भाषण तिला आठवेना, म्हणून तिने सरळ सांगितलं की मशीन मी चालवते, शिकते, त्याचं मला वावडं नाही, पण टेबल उठवायचं नाही. कुठलीही साइट करायच्या आधी ती वाचणाऱ्या माणसांकडे मी जाऊन बसणार, जेवायला बोलावलं तर जेवणार. आणि सिलतऱ्याच्या गुणवत्तेच्या जागी चुकून राहिलेलं ते गोळाभाताचं पान जसंच्या तसं परत लावणार. सुशीलने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. त्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, आणि तसं तो म्हणालाही. मग जरा वेळाने, नाइलाजाने, त्याने फोनवर शेठचा निरोप ऐकवला. शेठना नवी साइट आवडली होती, फक्त ते गुणवत्तेचं पान हलकं झाल्यासारखं वाटत होतं. पहले वाली शुद्ध हिंदी में वजन था, असं शेठ म्हणत होते. यामिनीने खिडकीबाहेर बघितलं, कारण सुशीलकडे बघितलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं. सुशीलला मात्र ते आवरलं नाही. क्लासमध्ये हसायचा तसा तो टेबलावर डोकं ठेवून हसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "ठीक है, होली तक देखते हैं।"

होळीपर्यंत तर होळीपर्यंत. ती आपल्या टेबलाशी आली. नवं काम एका शाळेचं होतं, मजकूर अर्थातच यायचा होता, कल देते हैं. तिने मशीनला हवं ते करू दिलं, मग त्याने केलेल्या पानाच्या मधोमध एक चौकट रिकामी करून घेतली. बोटांना कालचा हिंगाचा वास अजून होता. तिने बाह्या सारल्या आणि लिहायला घेतलं: सिलतऱ्याच्या अंजनाबाईंचा गोळाभात. डाळ भरडताना घाई करायची नाही. शेजाऱ्यांना वाटी पाठवल्याशिवाय स्वतः वाढून घ्यायचं नाही. फोडणीचा आवाज सगळ्यांनी ऐकला पाहिजे. आणि शेवटी अंजनाबाई त्यात एक गोष्ट घालतात, ती म्हणजे